भिंगावरची सावली

२८ ऑगस्ट, सातारा

आज कासच्या पठारावर दवबिंदूचे एकसष्ट फोटो काढले. त्यातला एकही ठेवण्याजोगा नाही.

फोकस चुकलेला नाही. हातही हललेला नाही. तरी प्रत्येक फोटोवर पातळ ताक ओतल्यासारखा पांढुरका थर आहे. काळं असायला हवं तिथे राखाडी, आणि दवबिंदूच्या केसांचा तो डाळिंबी लाल रंग फिकट गुलाबी.

दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा इंडिका. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभर, त्यात नत्र जवळजवळ नाहीच. म्हणून ही वनस्पती किडे धरून आपली गरज भागवते. चिंचोळ्या पानांवर केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. दर वर्षी फळ्यावर हे पान काढते आणि दर वर्षी वाटतं, मुलांना तो थेंब दिसला पाहिजे. तो दिसतो कधी? ऊन त्याच्या मागून आलं तर. समोरून उजेड पडला की थेंब चपटा होतो, नुसता ओलावा वाटतो. सूर्याकडे तोंड करूनच हा फोटो घ्यायचा आहे, आणि सूर्याकडे तोंड केलं की सगळं धुरकट होतंय.

लेन्स अण्णांची: निकॉनची १०५ मिलिमीटर एफ २.८ मायक्रो, हाताने फोकस करायची, एआय-एस मालिकेतली. राजवाड्याजवळ त्यांचा स्टुडिओ होता. जुन्या फोटोवरून नवा फोटो करून द्यायचं काम पुष्कळ यायचं. घरातलं कुणी गेलं की लोक लग्नातला ग्रुप फोटो घेऊन यायचे आणि त्यातला एक चेहरा मोठा करून मागायचे. त्या कामासाठी आमच्या आत्तेभावाने ती दुबईहून आणून दिली. ‘मायक्रो’ हे नावही अशाच कामातलं. निकॉनची पहिली मायक्रो लेन्स १९५६ सालची. बारीक जपानी अक्षरं मायक्रोफिल्मवर नीट उतरावीत म्हणून ती घडवली. फुलं, किडे मागाहून आले.

हिच्या पुढच्या तोंडाला हूड, म्हणजे बाजूचा उजेड अडवणारी टोपी, नाही. अण्णांना विचारलं. म्हणाले, “होता गं धातूचा. स्टुडिओ बंद केला त्या धांदलीत गेला कुठेतरी.”

हूड घ्यायचा. कोणता, ते आता बघायचं.

३१ ऑगस्ट

हूड शोधण्याआधी लेन्सच तपासली. हे अण्णांचं सांगणं: “आधी काच बघ, मग टोपी बघ.”

रात्री स्वयंपाकघरातला दिवा घालवला. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं, मागच्या बाजूने टॉर्च तिरका धरला आणि पुढून पाहिलं. धूळ दिसली, ती दिसणारच आणि थोड्या धुळीने काही बिघडत नाही. बुरशीचे धागे नव्हते, एवढा दिलासा. पण आतल्या एका काचेवर, हिवाळ्यात खिडकीवर श्वास सोडल्यावर येतो तसा, एकसारखा धुकट थर होता. साताऱ्याचे इतके पावसाळे कपाटात काढल्यावर तो येणारच.

हा थर मोलाचा सुगावा आहे. चौकटीबाहेरचा उजेड आत शिरतो, काचेच्या पृष्ठभागांवर आपटून इकडेतिकडे फिरतो आणि सगळ्या चित्रावर पसरतो. काळा रंग त्यामुळेच राखाडी होतो. या लेन्समध्ये १० काचा ९ गटांत आहेत, म्हणजे हवेला लागणारे १८ पृष्ठभाग. प्रत्येकावर लेप आहे, तरी थोडा उजेड परततोच. त्यात मध्येच एक काच धुकट असेल तर ती आलेला उजेड विखरून टाकते. त्याला कोणताही हूड पुरा पडायचा नाही. हूड बाहेरचा उजेड अडवतो, आतला दोष झाकत नाही.

दुसरी गोष्ट लगेच करून टाकली. पुढे लावलेला यूव्ही फिल्टर काढला. काच सांभाळायला म्हणून लावला होता. पण सपाट काचेचे आणखी दोन पृष्ठभाग, तेही सगळ्यांत पुढे, जिथे ऊन थेट पडतं. त्याच्यावर बोटाचा पुसट ठसाही होता.

अण्णा शेजारी बसून पाहत होते. पाहत होते म्हणजे, टॉर्च कुठे आहे ते त्यांना कळत होतं. मोतीबिंदू पिकलाय. दिव्याभोवती मोठं कडं दिसतं म्हणतात. ओसरीवर कुणी आलं की ते कपाळाला तळहात लावतात, मग माणूस ओळखू येतो. पुढच्या महिन्यातली शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे.

५ सप्टेंबर, मुंबईहून परतताना

बोरा बाजारात गेले होते. अण्णा ज्यांच्याकडे कॅमेरे द्यायचे त्यांचा मुलगा आता दुरुस्ती करतो. त्याने लेन्स उजेडाकडे धरली आणि पाचच सेकंदांत म्हणाला, “मॅडम, आत हेझ आहे. निघेल. आठवडा द्या.” हूडचं विचारल्यावर त्याने एक खणच काढून समोर ठेवला. तासभर बसले.

निकॉनच्या जुन्या हूडांवरची अक्षरं वाचता आली की निम्मं काम होतं. पहिलं अक्षर एच, म्हणजे हूड. पुढचं अक्षर तो कसा बसतो किंवा कशाचा आहे ते सांगतं: एन म्हणजे आट्यांवर फिरवून बसणारा, एस म्हणजे दाबून खटकन बसणारा, आर म्हणजे रबरी, के म्हणजे वरून सरकवायचा. त्यापुढचा आकडा कोणत्या लेन्ससाठी ते सांगतो. माझ्या लेन्सचा एचएस-१४. खणात तो नव्हता. दोन महिन्यांतून एखादा येतो म्हणाला.

जे होतं ते हाताळलं. ५५ मिलिमीटरच्या मायक्रो लेन्सचा एचएन-३ होता; आटे तेच, ५२ मिलिमीटरचे, त्यामुळे माझ्याही लेन्सवर बसला असता. पण तो जास्त रुंद कोनासाठी केलेला, म्हणून आखूड. बसला तरी सावली देणार नाही. जुन्या लेन्सचा हूड घेताना सगळे इथेच फसतात: आटे जुळले म्हणजे हूड जुळला असं वाटतं. आटे फक्त तो पडणार नाही एवढं सांगतात. त्याचं काम लांबी आणि तोंडाची रुंदी ठरवतात.

गंमत म्हणजे त्या ५५ मिलिमीटर लेन्सला हूडची गरज फारशी नाहीच. तिची पुढची काच विहिरीत पाणी असावं तशी खोल बसवलेली आहे. तिची नळीच सावली धरते. आणि माझ्याच लेन्सची आधीची बहीण, १०५ मिलिमीटर एफ ४, तिच्या अंगातच बाहेर ओढायचा हूड आहे. प्रत्येक लेन्सला हूड लागतोच असं नाही. आधी तोंड बघावं, काच किती आत आहे ते बघावं.

रबरी हूडही पाहिला. दुमडतो, दगडाला लागला तर पोचा येत नाही आणि मत्स्यालयाच्या काचेला टेकवला तर मधलं प्रतिबिंब जातं. पण जुनं रबर चिकट झालं होतं, आणि तोंड जरा वाकडं झालं की चित्राच्या कोपऱ्यात येतं.

मागच्या वर्षी मी घरबसल्या मागवलेला पाकळ्यांचा हूडही पिशवीत होता. मुलाने तो हातात घेऊन मला नीट समजावलं. पाकळ्यांचा आकार आयताकृती चौकटीसाठी कापलेला असतो. लांब पाकळ्या वर-खाली, आखूड पाकळ्या डावी-उजवीकडे आणि मधल्या खाचा कोपऱ्यांकडे यायला हव्यात. आट्यांवर फिरवून बसवताना तो कुठे घट्ट होईल ते आपल्या हातात नसतं. माझा तिरका घट्ट होत होता. काही जुन्या लेन्सचं तोंडही फोकस करताना फिरतं. तिथे तर पाकळ्या पार गरगर फिरतील. जुन्या लेन्सला गोल तोंडाचाच हूड बरा.

शेवटी त्याने खणाच्या तळातून काच नसलेल्या फिल्टरच्या सहा रिंगा काढून दिल्या. सगळ्या ५२ मिलिमीटरच्या. एकीत एक फिरवत गेलं की हवी तेवढी लांब नळी होते. “आधी यांच्यावर लांबी ठरवा, मग हूड घ्या,” म्हणाला. आख्ख्या खणात सगळ्यांत उपयोगाची वस्तू तीच होती.

१२ सप्टेंबर

लेन्स आली. टॉर्च लावला, आतून लख्ख. तोच फोकस, तीच फिरकी, तेलही मऊ.

संध्याकाळी भाचीला घेऊन बसले. ती दहावीत आहे, त्रिकोणमिती नुकतीच झाली आहे. आलेख-कागदावर लेन्सचं तोंड काढलं. पुढच्या काचेचा व्यास साधारण ४० मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या २०. रिंगांच्या नळीची आतली त्रिज्या साधारण २५. प्रश्न असा मांडला: ऊन वरून तिरकं येतंय, नळीच्या वरच्या काठाखालून निसटलेला किरण काचेच्या खालच्या कडेलाही लागू नये, तर नळी किती लांब हवी?

भाचीने क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, २५ अधिक २०, भागिले टॅन.”

४५ अंशांवरच्या सूर्यासाठी टॅन म्हणजे १. लांबी ४५ मिलिमीटर. रिंगा लावून करता येईल, हूडही तेवढा मिळतो. मग आम्ही कासचा सूर्य घातला. सकाळी आठला तो क्षितिजापासून २५ अंशांच्या आसपास असतो. कॅमेरा पूर्वेकडे, जमिनीलगत आडवा. टॅन २५ म्हणजे ०.४६६. उत्तर ९७ मिलिमीटर.

आम्ही दोघी त्या आकड्याकडे बघत राहिलो. जवळजवळ दहा सेंटीमीटरचा हूड! मी आजवर हूड लावूनही सूर्याकडे फोटो घेतले असते तरी ते धुरकटच आले असते. ऊन काचेवर पडतच राहिलं असतं.

मग उलटी बाजू. एवढी लांब नळी चित्रात येणार नाही का? माझ्या डी ७००० कॅमेऱ्याचा सेन्सर २३.६ बाय १५.६ मिलिमीटर, त्यावर १०५ मिलिमीटरची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १५ अंशांच्या थोडं वर बघते. फिल्मवर किंवा पूर्ण चौकटीच्या सेन्सरवर हीच लेन्स २३ अंशांहून जास्त बघायची, आणि एचएस-१४ त्या मापाने केलेला. म्हणजे लहान सेन्सरवर त्याहून लांब हूड चालायला जागा आहे.

१३ सप्टेंबर

काळ्या कार्डशीटची दहा सेंटीमीटरची नळी केली. आतून चकाकी होती. काळा रंगही तिरका पाहिला की आरशासारखा चमकतो. म्हणून शिंप्याकडून काळ्या मखमलीचा तुकडा आणून आतून चिकटवला. रिंगांच्या आत बारीक आटे असतात ते याचसाठी उपयोगी. उजेड त्यांच्या खाचांत अडकतो.

गच्चीवर जाऊन ढगाळ आभाळाचे फोटो घेतले. एकसारखं पांढरं आभाळ ही कोपरे तपासायची उत्तम भिंत. दूरवर फोकस, एफ २.८: चारही कोपरे काळवंडले. तेच जवळ, अर्ध्या आकारावर फोकस करून पाहिलं: कोपरे साफ. कारण जवळ आणताना ही लेन्स पुढे लांबत जाते आणि तिची नजर अरुंद होते. मॅक्रोच्या हूडचं हे वेगळेपण पेटीवर लिहिलेलं नसतं. कारखान्याने दिलेली लांबी दूरचं दृश्य धरून ठरवलेली असते. जवळच्या कामाला त्याहून लांब हूड चालतो.

मग कुंडीतल्या तुळशीसमोर बसले. एवढा वेळ जमलेलं गणित तिथे अडलं. अर्ध्या आकारावर, म्हणजे चौकटीत ४७ बाय ३१ मिलिमीटर एवढंच मावतं तेव्हा, लेन्सच्या तोंडापासून मंजिरीपर्यंत एक वीत अंतर उरतं. त्यातले दहा सेंटीमीटर नळीने खाल्ले. उरलं चार-पाच बोटांहून थोडं अधिक. बॉडीवरचा फ्लॅश उघडला तर नळीची सावली थेट मंजिरीवर. वाऱ्याची झुळूक आली आणि कागदाची नळी फडफडली, चित्र हललं. पीएन-११ ही ५२.५ मिलिमीटरची नळी मागे लावून पूर्ण आकारात घ्यायचं म्हटलं असतं तर जागा आणखीच कमी.

मॅक्रोचा हूड निवडणं अवघड आहे ते इथे. दूरच्या फोटोला हूडच्या पुढे मैलभर हवा असते. इथे हूड आणि फूल एकाच वीतभर जागेवर हक्क सांगतात.

१९ सप्टेंबर, कास

पहाटे निघाले. यवतेश्वरच्या चढावर धुकं, पुढे पेट्रीपाशी ते फाटलं. पठारावर सोनकीने पिवळं अंथरलंय, तेरडा गुलाबी, मधूनमधून सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं. इथे पायवाट सोडायची नाही हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. एका पावलाखाली किती रोपं जातात ते मी मुलांना मोजून दाखवलं आहे. वाटेच्या कडेला जे आहे तेच टिपायचं. म्हणूनही १०५ ची लेन्स. ५५ असती तर याच आकारासाठी निम्म्या अंतरावर वाकावं लागलं असतं.

कडेच्या ओल्या जांभ्यावर दवबिंदूचं एक रोप मिळालं. मागे दरीचा सावलीतला काळोख, सूर्य वर डावीकडे. आधी दहा सेंटीमीटरची नळी लावली. फोकससाठी पुढे सरले आणि नळीच्या काठाने शेजारचं गवत हललं. गवताचं पातं दवबिंदूच्या पानाला लागलं. तीन-चार थेंब गेले. पानावर धरलेला एक बारीक डास होता, तोही पुसला गेला. मला फार वाईट वाटलं. रोपाने रात्रभर केलेलं काम मी एका कागदाच्या काठाने मोडलं.

नळी काढून टाकली. दुसरं रोप शोधलं आणि हूडशिवायच डोळा लावला. तोच पांढुरका पडदा.

पठारावर राखणीला असतात त्या गावातल्या एक मावशी पलीकडे उभ्या होत्या. बाई एवढा वेळ काय बघतेय म्हणून त्या जवळ आल्या. हातात काळी छत्री, उन्हासाठी उघडलेली. त्या माझ्या डावीकडे येऊन उभ्या राहिल्या मात्र, व्ह्यूफाइंडरमध्ये पडदा सरकला.

उजेड कमी झाला असं नव्हे. रोपावर ऊन तसंच होतं. पण मागची दरी एकदम काळी झाली, केस लाल झाले आणि प्रत्येक थेंबात सूर्याचा एकेक ठिपका पेटला. मी डोळा काढून पाहिलं. छत्रीच्या कडेची सावली बरोबर लेन्सच्या तोंडावर पडली होती, रोपाच्या अलीकडे संपत होती.

“मावशी, जरा तशाच उभ्या राहा,” म्हटलं.

“राहते की. घ्या तुमचं,” त्या म्हणाल्या, आणि दहा मिनिटं राहिल्या.

मग त्यांनी छत्री थोडी पुढे-मागे करून पाहिली, मी डोळा लावून “आत्ता आलं, आत्ता गेलं” सांगत होते. सावली काचेवरून सरकली की पडदा येतो, काच सावलीत आली की जातो. मधे काही नाही. त्यांनाही मागच्या पडद्यावर फोटो दाखवला. म्हणाल्या, “हे आमच्या पायाखाली असतंय व्हय?”

२२ सप्टेंबर

आता नीट लिहून ठेवते.

काचेवर ऊन पडू नये एवढंच हूडचं काम. ते लेन्सला चिकटूनच करायला पाहिजे असा नियम नाही. नळीला सगळ्या बाजूंनी अडवावं लागतं म्हणून ती लांब होते. ऊन मात्र एकाच बाजूने येतं. त्याच बाजूला हातभर दूर एक काळा तुकडा धरला तर तो चौकटीच्या अगदी कडेपर्यंत नेता येतो, सूर्य हलला की तोही हलवता येतो आणि फुलासमोरची वीतभर जागा मोकळी राहते. छत्रीने मला हेच दाखवलं.

मग हूड नकोच का? हवा. पठारावर फक्त सूर्यच चमकत नाही. ओला जांभा, पांढरे ढग, समोरच्या कुमुदिनी तळ्याचं पाणी, सगळीकडून उजेड येत असतो. तो मोठ्या कोनातून येतो आणि त्याला साडेचार सेंटीमीटरची नळी पुरते. शिवाय जमिनीलगत काम करताना हूड काचेला गवताच्या ओल्या पात्यांपासून आणि माझ्या बोटांपासून वाचवतो. यूव्ही फिल्टर काढल्यावर ही राखण कुणीतरी करायला हवीच.

तेव्हा ठरलं. एचएस-१४ मिळेपर्यंत सहा रिंगांची नळी, आतून मखमल. पूर्ण आकाराचं काम असेल तेव्हा चार रिंगा काढायच्या, दोन ठेवायच्या. आणि बरोबर एक काळं कार्ड: पोस्टकार्डाएवढं, एका बाजूला मखमल, जाड तारेवर बसवलेलं, तार ट्रायपॉडच्या पायाला चिमट्याने लावता येईल अशी. वारा असेल तर ते हातातच धरायचं, नाहीतर तार थरथरते आणि ट्रायपॉडही.

क्रमही लिहिते, कारण विसरायला होतं. फिल्टर काढ. डोळा लावण्याआधी लेन्सच्या तोंडाकडे समोरून बघ. काचेवर ऊन दिसतंय का? दिसत असेल तर सावली कर. मग डोळा लाव आणि कार्ड चौकटीत डोकावेपर्यंत पुढे आण, तिथून बोटभर मागे घे. अ‍ॅपर्चर लहान करून कोपरे एकदा तपास, कारण उघड्या अ‍ॅपर्चरला पुसट वाटणारी कड बंद केल्यावर टोकदार काळी होऊन उमटते.

आज अण्णांची शस्त्रक्रिया झाली, उजव्या डोळ्याची. पट्टी उद्या निघेल.

२६ सप्टेंबर, कास आणि मग घर

भाची बरोबर होती. सहामाही संपली आहे. कार्ड तिच्या हातात दिलं. तिला काही सांगावं लागलं नाही. काचेकडे बघायची, कार्ड सरकवायची, गप्प राहायची.

तेच दुसरं रोप अजून होतं. पानाचं टोक आत वळलेलं, त्यात नुकताच अडकलेला चिलटासारखा जीव, पंख अजून कोरडे. एफ ११. नळी रोपापासून चांगली लांब. भाचीने कार्ड खाली आणलं, दरी काळी झाली. मी पंधराच फोटो घेतले.

मोठ्या पडद्यावर पाहिलं. केसाचा देठ हिरवट, वर लाल गाठ, गाठीवर थेंब आणि थेंबाच्या आत मागच्या दृश्याचं उलटं, बारीक चित्र. एवढं मी सूक्ष्मदर्शकाखालीही नीट पाहिलं नव्हतं. डार्विनने १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवर आख्खं पुस्तक लिहिलं, त्यातला मोठा भाग या ड्रोसेराच्या घराण्यावर आहे. एवढी पानं त्याने का लिहिली ते आज उमगलं. सोमवारी वर्गात फळ्यावरचं चित्र काढायचं नाही. आधी हे दाखवायचं, मग मुलांनी काढायचं.

वाटेवर छत्रीवाल्या मावशी भेटल्या. त्यांच्यासाठी फोटोची एक प्रत करून नेली होती. त्यांनी ती पदराने पुसली आणि उन्हाकडे पाठ करून, स्वतःच्या सावलीत धरून पाहिली.

संध्याकाळी अण्णांना दाखवला. पट्टी निघून तीन दिवस झालेत. काळा चष्मा आहे, पण मंद दिव्यात काढतात. फोटो हातात घेऊन ते पुष्कळ वेळ बघत होते. मग म्हणाले, “काळं काळं आलंय.” स्टुडिओत प्रिंट हातात घेतल्यावर ते पहिल्यांदा तेच बघायचे, काळं साधलं की बाकीचं साधतं म्हणायचे.

नंतर त्यांनी दिव्याकडे पाहिलं. हात कपाळाकडे नेला नाही.